बंदर म्हणजे आडोसा

हर्णैच्या एका मच्छीमार सोसायटीत मी ३१ वर्षं हिशेब लिहिला. कुणी किती डिझेल उचललं, बर्फाच्या किती लाद्या गेल्या, कुणाचा हप्ता थकला, सगळं माझ्या अक्षरात. निवृत्त झालो तेव्हा गावातल्या तरुण पोरांनी गळ घातली, "काका, बंदराचा इतिहास तुम्हीच लिहा. तुमच्याइतका कोणाला ठाऊक?" मलाही तसंच वाटत होतं. कामाला बसलो आणि लक्षात आलं, मला बंदराचा जमाखर्च ठाऊक होता, बंदर ठाऊक नव्हतं.

मग पुढची दहा वर्षं म्हाताऱ्या तांडेलांच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्यांच्या, ओटीवर, मासळी सुकवणाऱ्या बायांच्या शेजारी आणि लिलावाच्या वाळूत बसून ऐकत राहिलो. त्यातून जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो. किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावाची गोष्ट लिहू पाहणाऱ्याला त्यातलं काही उपयोगी पडावं, एवढीच इच्छा.

१. किल्ल्याआधी पाणी बघा

हर्णै म्हटलं की पाहुणा सुवर्णदुर्गाकडे बघतो, आणि बघण्यासारखाच आहे तो. शिवाजी महाराजांनी हा जलदुर्ग स्वराज्यात घेतला. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ते मोठं ठाणं झालं. १७५५ च्या एप्रिलमध्ये पेशवे आणि इंग्रज तुळाजी आंग्र्यांविरुद्ध एक झाले, आणि कमोडोर विल्यम जेम्सने समुद्राकडून तोफा डागून किल्ला घेतला. हा जेम्स वारल्यावर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर एक मनोरा बांधला. आपल्या सुवर्णदुर्गाचं मोडकंतोडकं इंग्रजी नाव, 'सेव्हर्नड्रूग', तो मनोरा आजही मिरवतो. १८०२ मध्ये होळकरांनी पुण्यावर चाल केली तेव्हा दुसरा बाजीराव पळून याच किनाऱ्याला आला आणि इथून वसईला गेला. वर्ष सरता सरता वसईचा तह झाला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत सुवर्णदुर्ग आहे.

पहिल्या मसुद्यात मी एवढंच लिहिलं होतं. ते एका जुन्या तांडेलाला वाचून दाखवलं. ऐकून तो म्हणाला, "किल्ल्याचं झालं. पण किल्ला इथंच का बांधला, ते लिवलंस काय?"

उत्तर पाण्यात होतं. सुवर्णदुर्गाचं बेट, किनाऱ्यावरच्या कनकदुर्गाचा खडक आणि आजूबाजूची खडकाळ टोकं यांच्या कुशीत लाट मोडते, वाऱ्याचा जोर कमी होतो. शिडाच्या होडीला रात्र काढायला तेवढं पुरतं. होड्या थांबल्या म्हणून वस्ती झाली आणि वस्तीच्या, नांगरवाड्याच्या राखणीसाठी तटबंदी. कनकदुर्गावर आता दीपस्तंभ आहे आणि शेजारच्या फत्तेगडावर कोळ्यांची घरं दाटीने उभी आहेत. राज्यं बदलली, पण आडोसा होता म्हणून बंदर टिकलं. बंदराचा इतिहास लिहायचा तर सुरुवात या प्रश्नाने करावी: इथं होडी का थांबते?

२. साल विचारू नका, खूण विचारा

मी वही उघडून विचारायचो, "तुमच्या होडीला इंजिन कोणत्या साली बसलं?" समोरचा गप्प. मला वाटे, आठवत नाही. तसं नव्हतं. एका आजोबांनी सांगितलं, "थोरलीचं लगीन झालं ना, त्याच्या आदल्या नारळी पौर्णिमेला." लग्नाची पत्रिका त्यांच्या पेटीत निघाली आणि साल नेमकं मिळालं. तेव्हापासून मी साल विचारणं सोडलं. लग्नं, वादळं, गावातली पहिली वीज, मुंबईची बोट बंद झाली ते वर्ष, यांवरून माणसं काळ मोजतात. आपण त्या खुणांची तारीख शोधायची.

त्यांचं गणित कच्चं नसतं, हे मला भरतीच्या हिशेबाने पटवलं. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. दिवसा एकदा, रात्री एकदा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान. कागदावर एकही आकडा न मांडता ही माणसं रोज हे करतात. अशा माणसाला 'अडाणी' समजून त्याच्या आठवणीवर शंका घेणं म्हणजे आपलंच नुकसान. मी ते नुकसान पहिली दोन वर्षं केलं.

३. वाऱ्याचं वेळापत्रक समजून घ्या

शिडाच्या दिवसांत कामाचे तास वारा ठरवत असे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, त्यावर होडी बाहेर पडायची. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो, त्यावर शीड भरून घरी यायचं. हर्णैचा सायंकाळचा लिलाव पाहायला आज लांबलांबून लोक येतात. त्या सायंकाळचं मूळ एका तांडेलाने मला याच खाऱ्या वाऱ्यात दाखवलं: होड्या तिसऱ्या प्रहरी किनाऱ्याला लागत, म्हणून मासळी तेव्हाच विकली जाई. आता इंजिनाला वाऱ्याची वाट बघावी लागत नाही, तरी वाळूवर गर्दी होते ती उन्हं कलल्यावर.

तेव्हापासून कुठलीही जुनी रीत दिसली की मी तिच्यामागचं काम शोधतो. बहुतेक वेळा सापडतं.

४. बंदर माशांचं, तसंच माणसांचंही

आज हर्णैला मासळीचं बंदर म्हणतात. माझ्या आईच्या पिढीला ते मुंबईच्या बोटीचं बंदर होतं. कोकणपट्टीत धड रस्ते नव्हते तेव्हा मुंबईहून सुटलेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत दक्षिणेला जायची. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी होत्या, आणि त्यांच्याशी स्पर्धा करायला देशी भांडवलातून उभी राहिलेली, लोकांनी प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हटलेली कंपनीही होती. हर्णैला बोट धक्क्याला लागत नसे, कारण तेवढं खोल पाणी असलेला धक्काच नव्हता. बोट दूर उभी राही आणि पडावातून माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, तान्ही मुलं असं सगळं पोचवावं लागे.

पडाव वल्हवणारे हात मच्छीमारांचेच. गिरणीत नोकरीला निघालेला, शिकायला निघालेला, नवऱ्याकडे निघालेली, सगळ्यांना पहिल्यांदा मुंबईच्या वाटेला लावलं ते या हातांनी. पावसाळ्यात बोट बंद. मग चार महिने पत्राचीही शाश्वती नसे. एका आजींनी सांगितलं, त्यांच्या नवऱ्याच्या आजारपणाची बातमी त्यांना कळली तेव्हा तो बरा होऊन कामालाही लागला होता.

रस्ते झाले, एसटी आली, बोट गेली. तिच्याबरोबर पडाव गेले. पडाववाल्यांची नावं मी शोधली, निम्मीसुद्धा मिळाली नाहीत. वाहतुकीच्या इतिहासात बोटींची नावं राहतात, वल्हं मारणाऱ्यांची राहत नाहीत. ती लिहून घ्या.

५. मीठ, बर्फ आणि इंजिन

बंदर बदललं ते तीन गोष्टींनी, आणि त्यांचा हिशेब मी स्वतः लिहिला असल्याने यावर खात्रीने बोलतो.

आधी मीठ होतं. ताजी मासळी जेवढी आसपासच्या गावांत खपेल तेवढी खपायची. उरलेली खारवायची किंवा उन्हात सुकवायची. सुका बांगडा, बोंबील, सुकट, सोडे घाटावर जात. मासळी टिकवायचं काम ऊन आणि मीठ करत असल्याने ते घरातलं होतं, आणि त्यातला पैसाही बराचसा घरातच राही.

मग बर्फ आला. बर्फामुळे पापलेट, सुरमई, कोळंबी ताजी मुंबईला जाऊ लागली. जी मासळी पूर्वी आम्ही घरी खायचो ती बाजारची झाली. भाव चढला आणि तो भाव गावाबाहेर ठरू लागला.

आणि इंजिन. स्वातंत्र्यानंतर सरकारने सहकारी सोसायट्यांमार्फत कर्ज देऊन होड्यांचं यांत्रिकीकरण सुरू केलं. सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकवत, ती गेली आणि नायलॉनची आली. लाकडी होड्यांच्या जोडीला फायबरच्या आल्या. होडी आता सिलिंडरवरून ओळखली जाते: दोन सिलिंडरची, सहा सिलिंडरची. लांबवर जाता येऊ लागलं, मासळी वाढली, पक्की घरं झाली, मुलं शिकली. हे सगळं खरं आहे आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं.

पण माझ्या वहीत दुसरीही बाजू होती. शिडाच्या होडीला मासळी मिळाली नाही तर त्या दिवसाची चूल अडायची. इंजिनच्या होडीला मासळी मिळाली नाही तर डिझेल, बर्फ आणि हप्ता अंगावर येतो. पूर्वी होडीवरचे गडी बहुतेक भाऊबंद, मिळेल त्याचा वाटा घ्यायचे. आता कितीतरी होड्यांवर खलाशी नेपाळहून, परराज्यांतून येतात आणि त्यांचा पगार मासळीसाठी थांबत नाही. इंजिनने वाऱ्याची चिंता घालवली, कर्जाची आणली. बंदराची प्रगती मोजताना हे दोन्ही स्तंभ शेजारी मांडावेत, असं मला हिशेबनीस म्हणून वाटतं.

६. शब्द हे इथलं खरं चलन

हर्णैला पुरेसा धक्का नसल्याने मोठ्या होड्या दूर नांगरून राहतात. मासळी छोट्या होडीत उतरते, तिथून बैलगाडीत. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे राहतात, लाट आली तरी हलत नाहीत. वाळूवर मासळीचे वाटे मांडले जातात आणि बोली सुरू होते. भाव चढतो, थांबतो, तुटतो. सगळा व्यवहार तोंडी.

नवीन असताना मी एका नाखव्याला, होडीच्या मालकाला, विचारलं, "लिहून का घेत नाही? उद्या नाकबूल झाला तर?" तो म्हणाला, "नाकबूल झाला तर परवा त्याला मासळी कोण देईल?" सोसायटीत मी सही-शिक्क्यांच्या ढिगात बसायचो. तिथले तंटे मला माहीत आहेत. वाळूवरच्या तोंडी व्यवहारात तंटे नव्हते असं नाही, पण ते सूर्य मावळेपर्यंत मिटायचे, कारण उद्या पुन्हा त्याच वाळूवर, त्याच माणसासमोर उभं राहायचं असे.

बेट लाटेपासून होडीला आडोसा देतं. शब्द फसवणुकीपासून माणसाला आडोसा देतो. जेट्टीची मागणी रास्त आहे, ती पूर्ण झालीच पाहिजे. मासळी उतरवताना हाल होतात आणि नासाडीही होते. पण काँक्रीट ओतताना या शब्दाला जागा राहील याची काळजी घ्यायला हवी. बोली लावायला मोकळी जागा, लहान गिऱ्हाइकाला उभं राहायला वाव, बायांना बसायला सावली.

७. बाईच्या टोपलीशिवाय हिशेब पुरा होत नाही

३१ वर्षांच्या माझ्या वह्यांत कर्जदार म्हणून पुरुषांची नावं. होडी त्यांच्या नावावर, कर्ज त्यांच्या नावावर, सभासदत्व त्यांचं. वही वाचणाऱ्याला वाटेल, हे बंदर पुरुषांनीच चालवलं.

प्रत्यक्षात होडी किनाऱ्याला लागली की पुढचं जग बाईचं. ती लिलावात बोली लावते, मासळी निवडते, सुकवते, टोपली डोक्यावर घेऊन दापोली आणि भोवतालची गावं करते, उधारी लक्षात ठेवते आणि वसूल करते. शेजारच्या पाजपंढरीतल्या एका आजींनी मला चाळीस वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकांची घरं रस्त्याच्या क्रमाने सांगितली, कोणाकडे कुठला मासा लागायचा यासकट. नवऱ्याचा हप्ता थकला की तो भरायला सोसायटीत तीच यायची, पदराच्या गाठीतले पैसे सोडून मोजायची. मी पावती फाडायचो नवऱ्याच्या नावाने.

नियम तसा होता. तरी समासात तिचं नाव लिहायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी लिहिलं नाही, याची खंत आहे. तुम्ही बंदराची गोष्ट लिहाल तेव्हा निम्मी पानं बायांकडून भरून घ्या.

८. आडोसा कुठे संपतो, ते माहीत असू द्या

हर्णैची कूस सगळ्या वाऱ्यांना पुरत नाही. दक्षिणेकडचा वारा जोरात सुटला की नांगरवाडा उघडा पडतो. मग होड्या उत्तरेला आंजर्ल्याच्या खाडीत पळतात, नाहीतर जयगड किंवा दिघी गाठतात. आंजर्ल्याची खाडी जवळची, पण तिचं तोंड गाळाने भरतं. ओहोटीला होडी आत शिरताना रुतते. वादळापासून पळालेली होडी आडोशाच्या दारात फुटावी, यापेक्षा वाईट काय असेल? म्हणून गाळ काढण्याची मागणी हर्णैचा माणूस पुन्हा पुन्हा करतो.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ कोकण किनाऱ्यावरून गेलं. ऐन हंगाम, होड्या समुद्रात. किनारपट्टीच्या कितीतरी घरांतली माणसं परतली नाहीत. त्या रात्री किनाऱ्यावर टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. कुणी रडत नव्हतं, सगळ्या अंधारात इंजिनाचा आवाज ऐकत होत्या.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर शिरलं आणि दापोली, मंडणगड तालुक्यांना त्याने झोडपून काढलं. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, छपरं उडाली, कोरोनामुळे मदतीला बाहेरचा माणूस येणं अवघड. पण इशारा आधी मिळालेला, त्यामुळे खोल समुद्रात माणसं अडकली नव्हती. दोन वादळांतला हा फरक मी तरुण नाखव्यांना नेहमी सांगतो. इशारा मिळाला की हातातली मासळी सोडून परत फिरा. जाळं पुन्हा विणता येतं.

९. मासळीलाही आडोसा लागतो

पूर्वी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात जात नसे. पावसाळ्याचे महिने समुद्राचे, ही रीत होती. पावसाळी बंदीचे दिवस पुढे सरकारने ठरवले. आता १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. याच काळात कितीतरी जातींची मासळी अंडी घालते. रीत आणि नियम दोघांचं म्हणणं एकच: थोडं थांबा.

पण सगळे थांबत नाहीत. पर्ससीन जाळं माशांचा थवाच्या थवा वेढून उचलतं. त्याच्यावर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने निर्बंध घातले. रात्री समुद्रात एलईडीचे झोत टाकून मासळी गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. राज्याच्या १९८१ च्या मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये बदल करून दंडही वाढवला. तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो तेव्हा गावातला छोटा मच्छीमार काय समजायचं ते समजतो. त्याच्या जाळ्यात दुसऱ्या दिवशी काय येणार, हे त्याला त्या उजेडातच दिसलेलं असतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी मासळीचं किमान आकारमान ठरलं: पापलेट १३५ मिलिमीटरहून लहान असेल तर पकडू नये. मासा राज्याचा मान मिळवून टिकत नाही, पिल्लू मोठं होऊ दिलं तर टिकतो. हे पाळणं मच्छीमाराच्या हातात आहे तेवढंच गिऱ्हाइकाच्याही. तळहाताएवढं पापलेट स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. ते वाढू दिलं तर पुढच्या वर्षीही बाजारात पापलेट दिसेल.

१०. वही जपा

ही गोष्ट सर्वांत शेवटी ठेवली, कारण ती सांगताना अजूनही अवघड जातं.

सोसायटीचं जुनं दप्तर एका खोलीत होतं. पहिल्या इंजिनांची कर्जं, पहिल्या बर्फाचे दर, होड्यांची नावं, सभासदांचे अंगठे. निवृत्तीच्या काही वर्षं आधी खोली रिकामी करायची ठरली. वाळवी लागली होती, जागा हवी होती. रद्दीवाल्याला बोलवायचं की नाही हे माझ्यावर सोडलं होतं. मी बोलवलं. टेम्पो भरून वह्या गेल्या. तेव्हा मला वाटलं, फेडलेल्या कर्जांची कागदपत्रं कशाला हवीत?

दहा वर्षं माणसांच्या ओट्या झिजवून जे मी गोळा केलं, त्यातलं बरंचसं त्या टेम्पोत होतं. ज्या आजोबांनी मला लग्नाच्या पत्रिकेवरून साल काढून दिलं, त्यांच्या अंगठ्याचा ठसाही त्यातच गेला. ते आता नाहीत. ज्यांच्याकडून ऐकलं त्यांतले बरेच जण आता नाहीत.

म्हणून वाचकांना एवढं मागणं आहे. सुवर्णदुर्ग आता जगाच्या यादीत गेला, त्याची काळजी घेणारे मिळतील. होडीचा परवाना, बोटीचं जुनं तिकीट, आजीची उधारीची वही, विझलेल्या कंदिलाशेजारी काढलेला आजोबांचा फोटो, यांची यादी कुणी करणार नाही. ती तुम्ही करा. येत्या नारळी पौर्णिमेआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर बसा आणि एकच विचारा: वादळ आलं की तुम्ही होड्या कुठे न्यायचात? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, खाली त्यांचं नाव घाला, आणि तारीख टाका.